केसाएवढी रेघ

मला एकच डोळा आहे. म्हणजे दिसायला दोन आहेत, लग्नाच्या फोटोत दोन्ही टक्क उघडे आलेत. पण चालू आहे तो फक्त उजवा. डावा तरुणपणी लेथवर गेला. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होतो. मशीनवर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जॉब लावलेला, मालकांनी त्याच आठवड्यात नवा कोरा गॉगल दिलेला, आणि तो गॉगल माझ्या शर्टाच्या खिशात. काचेवर ओरखडे उठू नयेत म्हणून मी तो जपत होतो. उडालेला कण गॉगलला न शिवता नेमका डोळ्यात गेला. तो गॉगल अजून आमच्या कपाटात आहे. एकही ओरखडा नाही.

हे आधी सांगून टाकलं, कारण पुढं जे काही केलं ते एका डोळ्याच्या माणसानं केलं, हे ध्यानात ठेवलं तरच माझ्या शहाणपणाची खरी उंची कळेल.

लेथ सुटल्यावर मालकांनी मला मशीनच्या पॅनेलच्या दुरुस्तीला बसवलं. तिथं वायरी, व्होल्ट, सोल्डरिंग असं करत करत इलेक्ट्रॉनिक्सची गोडी लागली आणि नोकरी संपल्यावर त्या गोडीचं व्यसन झालं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझ्याकडं एक जुना मिनीकॉम्प्युटर आहे. मिनी म्हणजे कपाटाएवढा. ज्या काळात कॉम्प्युटरला अख्खा हॉल लागायचा, त्या काळात ज्याला नुसता कोपरा पुरायचा त्याला मिनी म्हणत. एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या भंगारात तो मिळाला आणि मी तो खटपटी करून चालू केला. समोर दिव्यांची रांग, खाली बटणांची रांग, शेजारी खडखडत कागदावर छापणारं टाइपरायटरसारखं यंत्र. पडदा नाही. बिचारा आंधळाच होता. मी निम्मा, तो पुरा.

अशा मशीनला त्या काळी एक खास पडदा जोडत असत. आपल्या टीव्हीसारखा ठिपक्याठिपक्यांनी चित्र भरणारा नव्हे. कॉम्प्युटरनं सांगायचं, इथून तिथं रेघ ओढ. की गोल तोंडाच्या मोठ्या काचेच्या नळीतला किरण जाऊन सरळ रेघ ओढणार, हिरवी, चकचकीत. पेन्सिलीनं ओढावी तशी. जुन्या पुस्तकात त्याचा फोटो बघितल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं; मेव्हण्यासकट येईल त्याला मी तो दाखवत होतो. पण असली वस्तू कोल्हापुरात कुठून मिळणार? मी आशा सोडून दिली होती.

त्याच सुमारास उजव्या डोळ्यानं कुरकुर सुरू केली. रस्त्यावरच्या दिव्यांना कडी दिसायला लागली. समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड सगळीकडं पसरायचा. डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकून, हनुवटी टेकवून, आत बघून सांगितलं, "मोतीबिंदू आहे. एकच डोळा आहे म्हणून आम्ही जास्त जपून करू. पण फार पिकू देऊ नका, मग अवघड होतं."

"काही बिघडणार नाही ना?"

"सहसा नाही."

त्या 'सहसा'वर मी किती रात्री काढल्या ते मला माहीत. दुसऱ्याचा मोतीबिंदू ही चेष्टेची गोष्ट असते. सकाळी जायचं, दुपारी काळा चष्मा लावून मिसळ खायला हजर. पण त्यांच्याकडं दुसरा डोळा असतो. माझ्याकडं एकच. तो बिघडला की कारभार संपला. मी डॉक्टरांना म्हणालो, "बघतो." डोळ्याच्या दवाखान्यात 'बघतो' म्हणून बाहेर पडणारा मी एकटाच नसेन, पण बायकोला ते अजिबात विनोदी वाटलं नाही.

"कधी बघताय?"

"मिरच्यांचा सीझन संपू दे."

"मिरच्या मी वाळवते. तुमचा काय संबंध?"

अशी आमची वादावादी चालू असताना कुरुंदवाडहून मेव्हण्याचा फोन आला. त्याची शिरोलीकडं छोटी फाउंड्री आहे; भट्टीसाठी भंगार बघत तो सगळ्या जिल्ह्यात फिरत असतो.

"दाजी, तुमचं ते गोल टीव्ही हितं एका व्यापाऱ्याच्या माडीवर पडलंय की! कॉलेजच्या लिलावात घेतल्यालं म्हणतोय."

"गोल आहे? नक्की?"

"व्हय, परातीगत. मागं काचंचं लांबडं शेपूट हाय. हलवून बघू का?"

"हात लावू नकोस!" मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारची गाय उठून उभी राहिली.

बायकोनं सगळं ऐकलं. शांतपणे म्हणाली, "आणा ते. पण ते गोल ज्या दिवशी लागंल त्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखाना. माझ्या भावासमोर कबूल व्हा." मी कबूल झालो. मनात म्हटलं, भंगारातली वस्तू, लागायला वर्ष तरी जाईल. आणि दुसरीही एक गोष्ट मनात होती, ती कुणाला बोललो नाही. डोळा जाणारच असेल, तर जाण्याआधी त्यानं ती हिरवी रेघ एकदा बघावी.

व्यापारी मोठा रोखठोक माणूस. माडीवर गुळाच्या ढेपांच्या रांगेमागं पोत्याखाली झाकून ठेवलेला पडदा त्यानं दाखवला. "पावणं, लवकर काय ते ठरवा. दिवस बुडायच्या आत जेवायचं असतंय आमाला."

"पुरात भिजलाय का?"

"छ्या! पुरात आधी आईला माडीवर न्हेली, मग गूळ, मग ह्यो."

"ह्याला कशाला नेलात?"

"वजनदार हाय की. वजनदार वस्तू टाकवत न्हाय माणसाला. आणि आमची मंडळी त्यात बघून केस विंचरत्यात."

मी पोतं बाजूला केलं. काळ्या पेटीत ती गोल काच, आणि खाली लोखंडी सांगाड्यात बाकीचा संसार. एका बाजूला जाळीचा पिंजरा आणि त्यावर लाल अक्षरात धोक्याची पाटी. मुंग्यांनी पिंजऱ्यात वसाहत केली होती. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो घाम.

कारण ही नळी काय चीज असते ते मी वाचलं होतं. आतली सगळी हवा काढून घेतलेली असते. बाहेरची हवा चारी बाजूंनी काचेला दाबून बसलेली असते, वर्षानुवर्षं, एक चीर मिळायची वाट बघत. चीर गेली की काच आधी आत जाते आणि मग दुप्पट जोरानं बाहेर येते. पुढच्या काळातल्या टीव्हींना त्यासाठी पोलादी पट्टा असायचा. हिला नव्हता.

टेम्पोच्या हौद्यात आम्ही वाकळा अंथरल्या. मेव्हणा म्हणाला, "दाजी, पुढं बसा."

"नाही, मी मागं बसतो. धरून ठेवायला पाहिजे."

"फुटलं तर तुमच्याच तोंडावर फुटंल की."

"म्हणून तर हेल्मेट आणलंय."

आणि मी तसा बसलो. डोक्यावर हेल्मेट, अंगावर वाकळ, मांडीशी नळी, आणि डावी बाजू तिच्याकडं. गेलेला डोळा पुढं, चालू डोळा मागं. फुटलं तर आधीच गेलेल्यालाच लागू दे, एवढा साधा हिशोब. शिरोळ, जयसिंगपूर करत निघालो. समोरून उसाच्या ट्रॉल्या येत होत्या, त्यांच्या दिव्यांना मला मोठमोठी कडी दिसत होती. प्रत्येक स्पीडब्रेकरला मी डोळा मिटायचो आणि नळीला मिठी मारायचो. मागून येणाऱ्या एका मोटरसायकलवाल्यानं विचारलं, "काका, नवरीला घेऊन निघालाय व्हय?" मला हसू आलं नाही. जबडा इतका आवळला होता की घरी पोचल्यावरही भाकरी चावता येईना.

जोडणी सुरू झाली ती भीतीनंच. नुसती काच नव्हे, वीजही. या पडद्याला दहा-बारा हजार व्होल्ट लागतात, आणि गंमत अशी की बंद केल्यावरही ती वीज नळीत साठून राहते. बंद मशीन बघून माणूस निर्धास्त हात घालतो, आणि तिथंच आटोपतो. म्हणून जुन्या लोकांचा नियम असा: अशा ठिकाणी एकाच हातानं काम करायचं, डावा हात खिशात ठेवायचा. दोन्ही हात लागले तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्यातून बाहेर पडते. नियम सोपा होता. पण मी घरी लेंगा घालतो आणि माझ्या लेंग्याला खिसा नव्हता.

बायकोनं जुन्या शर्टाचा खिसा उसवून लेंग्याला डाव्या बाजूला शिवून दिला.

"एवढा मोठा?"

"हात मोठा हाय की. डोकं ठेवायचं असतं तर छोटा पुरला असता."

मुंग्या काढल्या, वायरी बदलल्या, जिथं तिथं मीटर लावून बघितला. रोज थोडं थोडं. बायको संध्याकाळी शेडच्या दारात उभी राहून विचारायची, "लागलं?" मी म्हणायचो, "अजून बरंच आहे." काम खरंच बरंच होतं. पण जे एका दुपारी झालं असतं ते मी चार दुपारी करत होतो, हेही खरं. एक बाजू मला पडद्याकडं ओढायची आणि दुसरी त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या तारखेपासून मागं खेचायची. शेवटी एक दिवस असा आला की बटण दाबण्याखेरीज करण्यासारखं काही शिल्लकच राहिलं नाही.

त्या दुपारी मेव्हणा आला. हातात नारळ, उदबत्ती, पेढे.

आता इथं जे झालं त्याचा दोष मी त्याला देत नाही. आमच्याकडं नारळ फोडल्याशिवाय मशीन चालू करत नाहीत. लेथ असो, ड्रिल असो, फाउंड्रीची भट्टी असो; पहिला नारळ मशीनवरच, तोही मशीनच्या लोखंडावर आपटून. पाणी लेथच्या बेडवरून वाहून जातं, आम्ही तेलाचं फडकं मारतो, विषय संपला. अख्खं आयुष्य मी असे नारळ फोडत आलो. त्यामुळं "कुठं फोडू?" असं त्यानं विचारल्यावर मला थांबायचं सुचलंच नाही. उलट मीच मोठ्या जाणकारीनं सांगाड्याचा कोपरा ठोकून दाखवला. "हितं. हितलं लोखंड सगळ्यात जाड आहे."

त्यानं कोपऱ्याला हळद-कुंकू लावलं आणि ठण्ण करून नारळ हाणला. एका घावात दोन भकलं. पाणी उडालं, आणि त्या जाड लोखंडाच्या बरोबर खाली असलेल्या लाल पाटीच्या पिंजऱ्याच्या जाळीतून सरळ आत गेलं.

पिंजऱ्यात ठिबक, ठिबक असा आवाज येत होता.

"तीर्थ म्हणायचं," मेव्हणा बारीक आवाजात म्हणाला.

मी हबकलो होतो. बटण आधी दाबलं असतं तर खेळ संपला होता; त्या ओल्या लोखंडाला आम्ही दोघंही टेकून उभे होतो. आणि तरी, खोटं कशाला सांगू, मला बरंही वाटलं. दवाखाना लांबला.

पिंजरा खोलला. प्रत्येक सुटा भाग आधी स्पिरिटनं पुसला आणि गच्चीवर उन्हात ठेवला. तिथं बायकोच्या मिरच्या वाळत होत्या. तिनं जुन्या लुगड्याचा एक कोपरा मला काढून दिला. एकीकडं लालभडक मिरच्या, दुसरीकडं तपकिरी फायबरच्या पट्ट्या आणि तांब्याची वेटोळी, आणि ती दुपारी येऊन दोन्ही परतून जायची.

"मिरचीचा हात डोळ्याला लावू नका," एवढंच म्हणायची.

मी रोज वर जायचो, पट्टीला बोट लावायचो आणि ओल आहे असं ठरवायचो. शेवटी एके सकाळी तिनं माझ्यासमोर पितळी डबा आपटला. "डंकावरून चटणी कांडून आली. मिरची वाळली, भाजली, कांडली. तुमचं अजून ओलंच हाय व्हय?"

मी सगळं पुन्हा बसवलं.

दुसऱ्यांदा चालू करायच्या वेळी नारळ नव्हता, पण सैन्य होतं. मेव्हणा मेन स्विचपाशी, हात दांड्यावर. बायको माझ्यामागं, हातात कपडे धुवायचं लाकडी धोपाटणं. मी तिला शिकवून ठेवलं होतं की मी चिकटलो तर हातानं ओढायचं नाही, लाकडानं हाणायचं.

"किती जोरात?"

"सुटेपर्यंत."

"आजवर तुम्ही सांगितलेलं हेच काम मनापासनं करीन," ती म्हणाली. पण आवाज नेहमीचा नव्हता. धोपाटणं दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

मी हेल्मेट घातलं, काच खाली केली, डावा हात खिशात कोंबला आणि बटण दाबलं.

आधी नुसती भुंग्यासारखी घुमणी. मग वास यायला लागला, खोबऱ्याचा, करंज्या तळाव्यात तसा. मेव्हणा दांड्यापाशीच ओरडला, "बंद करू? दाजी, करू बंद?" मी मान हलवली, नाही. काचेच्या मध्यभागी हिरवट काहीतरी उगवलं. मी उजव्या हातानं कॉम्प्युटरची कळ दाबली आणि ते उगवलेलं चारी दिशांना पळालं. चौकोन! मी लिहिलेला प्रोग्रॅम एवढाच होता, एक चौकोन.

"एवढ्यासाठी?" बायको म्हणाली.

पण मी तिच्याकडं बघत नव्हतो. माझ्या छातीत दुसरीच कळ उठली होती. ती पेन्सिलीची रेघ नव्हती. जाड, केसाळ, भोवती हिरवं धुकं. रेघ कसली, मिशीच. मी हेल्मेटची काच वर केली, तिच्यावर ओरखडे होते म्हणून. तरी तसंच. समोरचं फोकसचं बटण इकडून तिकडं फिरवलं. तसूभर फरक नाही.

मी निदान केलं: नारळ. कुठंतरी ओल राहिली, फोकसची वीज गळतेय. पिंजऱ्याच्या आत एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवून बघायला पाहिजे, आणि तोही मशीन चालू असताना, नाहीतर फरक कळणार कसा?

इथं शहाणा माणूस मेन बंद करून चहा प्याला असता. मी पिंजऱ्याचं झाकण काढलं.

आत घुमणी मोठी होती. वाऱ्यासारखं काहीतरी मनगटावरच्या लवेला ओढत होतं. अंधाऱ्या आतल्या बाजूला मला स्क्रू नीट दिसेना, म्हणून मी वाकलो आणि उजवा डोळा पार नळीच्या मानेपाशी नेला. ज्या काचेपासून वाचवायला मी डावा डोळा पुढं करून कुरुंदवाडहून आलो होतो, तिच्याशेजारी. लांब दांडीचा स्क्रूड्रायव्हर आत घातला. आणि मला आठवलं की एका डोळ्याला अंतर कळत नाही. टोक स्क्रूपासून बोटभर लांब आहे की वीतभर, की भलत्याच कशाच्या जवळ आहे, मला सांगता येत नव्हतं. रोज चहा ओततानासुद्धा मी आधी किटली कपाला टेकवून बघतो, मग ओततो. इथं टेकवून बघायची सोय नव्हती. स्क्रूखाली एक तपकिरी पट्टी होती. तिच्यावर मनगट टेकवलं तर हात स्थिर राहील, असा विचार केला.

"काय करताय?" बायकोचा आवाज.

"फोकस. रेघ जाड आलीय."

ती मागून पुढं गेल्याचं पावलांवरून कळलं. पडद्यासमोर थांबली. घुमणीशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

"कुठं जाड हाय?" ती म्हणाली. "केसाएवढी तर हाय."

"नीट बघ."

"माझे दोन्ही डोळे चांगले हायत. केसाएवढी बारीक रेघ हाय." आणि मग भावाला, "ये रं, तू बघ."

मेव्हणा दांड्यावरचा हात न काढता लांबूनच वाकला. "व्हय, दाजी. केसागत. लई बारीक."

माझा हात जिथं होता तिथंच थांबला. रेघ केसाएवढी असेल, तर मिशी कुठं आहे? पडद्यात नाही, नारळात नाही. ती माझ्या डोळ्यात आहे. मी स्क्रूड्रायव्हर आल्या वाटेनं हळूहळू बाहेर काढला. बाहेर आला तेव्हा मेव्हण्यानं न विचारता मेन खाली ओढला. चौकोन आकसत ठिपका झाला आणि विझला. मी उलट्या बादलीवर बसलो. घामानं खिशातला हात बाहेर निघेना.

"उद्या दवाखाना," बायको म्हणाली. धोपाटणं तिच्या हातातून खाली पडलं.

ऑपरेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण मी सगळा वेळ एकाच गोष्टीचा विचार करत होतो: दवाखान्यात घातलेल्या त्या हिरव्या झग्याला खिसा नव्हता. डावा हात कुठं ठेवू तेच कळेना. वर एक प्रचंड उजेड, त्यात पाण्याखालून हलावं तसं काहीतरी हलतंय, आणि डॉक्टरांचा आवाज, "हलू नका, अजिबात हलू नका." मी श्वाससुद्धा अर्धा घेत होतो.

खरी भीती नंतर आली. डोळ्यावर पट्टी बांधली. दुसऱ्या माणसाला पट्टी बांधली की त्याला निम्मं दिसतं. मला पट्टी म्हणजे मिट्ट काळोख. रिक्षातून घरी आलो ते बायकोचा दंड धरून, उंबऱ्याला अडखळत. कॉटवर बसवलं. ती घरात वावरत होती तोवर भांड्यांचा आवाज यायचा. आवाज थांबला की माझा जीव वर यायचा.

"आहेस का?"

"हाय की."

थोड्या वेळानं पुन्हा, "आहेस का?"

"हाय. कुठं जाती आता?"

पट्टीखाली मला सारखा तो विझणारा ठिपका दिसत होता. उद्या पट्टी काढली आणि एवढंच उरलं तर? मी जेवलो नाही. ती जबरदस्तीनं दहीभात भरवत राहिली. भात हनुवटीवर सांडला तेव्हा आम्ही दोघंही हसलो नाही.

सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली. पहिल्यांदा दिसली ती त्यांच्या खिशातल्या पेनाची टोपी, तिच्यावरचा बारीक ओरखडासुद्धा. मग भिंतीवरचं कॅलेंडर. मग मेव्हणा, आणि त्यानं केसांना लावलेला कलप कानावर उतरलाय हे. मी ते मोठ्यानं सांगितलं. बायको खिडकीकडं तोंड करून उभी राहिली.

डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती संपल्यावर मी शेडमध्ये गेलो. कपाटातला तो जुना गॉगल, एकही ओरखडा नसलेला, प्रथमच डोळ्यावर चढवला. मेव्हण्याला बोलावून घेतलं. तिघंही आपापल्या जागी. बटण दाबलं. घुमणी, खोबऱ्याचा वास, ठिपका, कळ, चौकोन.

मी बघत राहिलो. गॉगल काढून बघितलं. पुन्हा घालून बघितलं.

चौकोनाची रेघ बोटाएवढी जाड होती. म्हशीचं दावं असतं तशी.

"केसाएवढी म्हणालीस ना?"

"केसाएवढीच हाय की."

"ही? ही केसाएवढी?"

"कुणाच्या केसाएवढी ते कुठं विचारलंत?" ती पडद्याकडं बघत म्हणाली. मेव्हणा पत्र्याकडं बघत होता, जणू तिथं काहीतरी लिहिलं होतं. मग तीच म्हणाली, "हात आत होता तुमचा. डोकं पण आत होतं. दुसरं काय बोलणार हुते मी?"

मी मेन बंद करायला सांगितलं. नळीत साठलेली वीज वायर बांधलेल्या दांडीनं सांगाड्यात उतरवली. चट्ट असा आवाज झाला आणि तिघंही दचकलो. मग थांबलो, पुन्हा उतरवली, आणि झाकण काढलं.

नव्या डोळ्याला आतलं सगळं लख्ख दिसत होतं. निदान माझं बरोबर होतं, नारळच. एक थेंब माझ्या पुसण्यातून सुटला होता, फायबरच्या पट्टीवर वाळला होता आणि विजेनं जळून काकवीसारखा तपकिरी झाला होता. त्याची एक रेघ झाली होती आणि वीज तिच्यातूनच गळत होती. ती मुख्य व्होल्टेजच्या टोकापासून निघून वाकडीतिकडी येत पट्टीच्या अलीकडच्या कडेला संपत होती. त्या दिवशी मी मनगट टेकवायचं ठरवलं होतं तिथं, बरोबर तिथं. तेव्हा ती मला दिसली नव्हती. दिसणं शक्यच नव्हतं.

ती रेघ मात्र खरोखर केसाएवढी होती.

"काय सापडलं?" बायकोनं मागून विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "थोडी घाण आहे."

डावा हात माझा मीच खिशात घातला, आणि उजव्या हातानं फडकं उचललं.